वैद्य कोणी व्हायचं?

चिमणी: मारून टाक म्हणतेय ना मी तिला. आजच. सगळे यायच्या आत ठरव, म्हणजे माझी सुटका.

दादा: अगं, नऊ वर्षं खेळतेयस तू ते पात्र. असं झुरळ मारल्यासारखं मारता येतं का? तू आधी नकाशाचा तो कोपरा धर. सारखी गुंडाळी होतेय.

चिमणी: खेळ तू चालवतोस, सगळं तुझ्याच हातात आहे. दरड पाड, साप सोड. दोन फासे टाक आणि मोकळा हो.

दादा: आणि बाकीच्यांना काय सांगू? खेळात बेकरीवाला योद्धा, वकील चोर, शाळेतल्या बाई जादूगार, आणि तुझा वैद्य गेला खड्ड्यात? नकाशातल्या दुसऱ्याच खोलीत तिघं आडवे होतील.

चिमणी: होऊ देत.

दादा: मागच्या रविवारचं मनाला लावून घेतलंस तू.

चिमणी: काय झालं मागच्या रविवारी? सांग ना. तुझ्या तोंडून ऐकू दे.

दादा: राक्षसाची गदा बसली, तू पडलीस. खेळ आहे चिमे, कुणीतरी पडतंच.

चिमणी: पडले. मेले नव्हते. जगते की जाते, हे बघायला फासा टाकत बसले होते. आणि तुझा वकील काय म्हणाला? "आधी हिची पिशवी काढून घ्या."

दादा: चोर आहे गं तो! पात्राला शोभेल असंच बोलला.

चिमणी: पिशवीत औषधाच्या दोन बाटल्या होत्या. मीच बनवलेल्या. एक बेकरीवाल्याने घटाघटा संपवली, त्याला नुसतं खरचटलं होतं. दुसरी बाईंनी जपून ठेवली. का, तर पुढे राक्षसाची आई भेटली तर! माझ्या तोंडात दोन थेंब घालावेत, असं एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दादा: त्यांच्या लक्षातच आलं नाही गं, खरंच. वैद्यही पडू शकतो, याची सवयच नाही कुणाला.

चिमणी: तुला तर कळत होतं ना?

दादा: मी खेळ चालवणारा. मी कुणाला काही सुचवत नाही.

चिमणी: बेकरीवाला तासभर भिंतीला धडका देत होता, तेव्हा शेजारच्या दाराला कडीच नाही हे बरं सुचवलंस.

दादा: ...हो. ते सुचवलं खरं.

चिमणी: मग त्या वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले, म्हणून मी उठले. उठल्या उठल्या योद्धा काय म्हणाला? "बरं झालं उठलीस, माझा हात बघ जरा." वॉर्डातही दिवसभर हेच ऐकते रे मी. सिस्टर, हे बघा. सिस्टर, ते बघा. रविवारी तरी नको.

दादा: बरं, असं करू. तिला निवृत्त करू. नदीकाठचं छानसं गाव, छोटासा दवाखाना, दारात गुलाबाची झाडं...

चिमणी: आणि दर रविवारी तुम्ही फुटकी डोकी घेऊन त्या दारात उभे! मेलेलीच बरी.

दादा: हसलीस! चला, राग गेला म्हणायचा.

चिमणी: राग आलाच नव्हता. तेच तर. घरी गेले, ताट वाढून घेतलं आणि रडूच फुटलं. पटावरच्या एका बाहुलीसाठी रडतेय म्हणून माझी मलाच लाज वाटली.

दादा: मग मला फोन करायचास ना, वेडे.

चिमणी: केला होता. "उद्या बोलू, नकाशा काढतोय," म्हणालास.

(दादा हातातली पट्टी खाली ठेवतो.)

दादा: तुला इथे आणलं ना, तेव्हा तुझं लग्न मोडलं होतं. रविवार तुला खायला उठायचा. म्हटलं, चार माणसांत बसेल, जरा हसेल. दुसरं काही मनात नव्हतं गं माझ्या.

चिमणी: हसले की. पोट धरून हसलेय या टेबलाशी. उगाच का नऊ वर्षं येत राहिले?

दादा: मग दुसरं काहीतरी हो. तिरंदाज हो, जादूगार हो. वकिलाला करू वैद्य. बसू दे पट्ट्या बांधत.

चिमणी: हे पहिल्या दिवशी विचारायचं होतंस.

दादा: पहिल्या दिवशी तू उशिरा आलीस. ड्युटीवरून थेट. तोवर ज्याने त्याने आपापलं घेऊन टाकलं होतं.

चिमणी: आणि तू म्हणालास, "वैद्य उरलाय, तो घे. तू नर्सच आहेस, तुला सोपं जाईल."

दादा: मला वाटलं, तुला यातलं काही कळत नसेल. गोंधळशील उगाच.

चिमणी: त्या आधी आठवडाभर बसमध्ये ते नियमांचं जाडजूड पुस्तक वाचत होते मी. तुझ्याच कपाटातून नेलं होतं. त्या नादात एकदा दोन स्टॉप पुढे गेले. कोण व्हायचं ते पक्कं ठरवून आले होते.

दादा: कधी बोलली नाहीस.

चिमणी: बोलणार होते. तेवढ्यात बेकरीवाला जखमी झाला.

दादा: ...बेल वाजली. आले वाटतं.

चिमणी: उघड जा.

दादा: वाजू दे. उभे राहतील पाच मिनिटं. चिमे, आता सांग. काय ठरवून आली होतीस? तेच करू, आजपासून. वैद्याला मारतो मी. दरड पाडतो, साप सोडतो, तू म्हणशील ते करतो. एवढं सांग फक्त.

चिमणी: तेच शोधतेय रे. आठवडाभर डोक्याला ताण देतेय.

दादा: सावकाश. घाई नाही कसली.

चिमणी: नाही आठवत, दादा. नावसुद्धा ठेवलं होतं मी तिचं.