गिटारीला दिलेला शेक

— जाळली? जाळली म्हणाला तो? पुन्हा? बस, बस त्या खुर्चीवर, तो घागरा जरा बाजूला सार, टिकल्या लावायच्या राहिल्यात अजून, कार्निव्हल तोंडावर आलाय. येर्बा घे, आमचा पाल्याचा चहा. कडूच आहे. साखर मागू नकोस, आमच्या मोंतेविदेओत साखर मागणाऱ्याला पाहुणा नाही म्हणत, आजारी समजतात. तर तू ब्वेनोस आयरेसहून बोटीत बसून आलीस ती आमच्या बाबांना हे विचारायला? 'दॉन एलादियो, तुम्ही मुलाची गिटार आगीत का टाकलीत?' शाबास गं पोरी. आणि पुरावा म्हणून मासिकही आणलंस? बघू, बघू. अगंबाई, हा माझा भाऊ, आमचा दार्विन! गालफडं बघ कशी बसलीत — उपाशी दिसायलासुद्धा आता खर्च येतो म्हणे. आईच्या पदराला धरून दुसऱ्यांदा ताट भरून घेणारं कार्टं हे. आणि हे काय लिहिलंय — 'पर्यायी रॉकचा जखमी आत्मा'. पर्यायी! कशाला पर्याय? कामाला, दुसरं काय. बंदरावर चिकटवला होता मामानं, चार दिवस टिकला नाही. बोटं खराब होतात म्हणे. बोटं! बाबांची बोटं बघ आत्ता येतील तेव्हा — साठ वर्षं ढोल बडवून नांगराच्या फाळासारखी झालीत, त्यांच्या आत्म्याला जखम झाल्याचं कुणी छापलं नाही.

नाही, ते बाहेर आहेत, कोपऱ्यावर. फळकुटं गोळा करताहेत, फळवाल्याच्या खोक्यांची. आज रविवार ना, ढोल निघणार. आधी शेकोटी पेटवायची, ढोल भोवती मांडायचे, कातडं तापलं की आवाज चढतो — हे तुला सांगायला नको, तुम्ही पेपरवाले येता तेव्हा पहिला फोटो त्याचाच काढता. आमच्या घरात दुसरी विद्याच नव्हती गं. ढोल रुसला, शेक दे. पोराचं पोट दुखलं, शेक दे. आईची कंबर धरली, तर बाबा तिला शेकोटीपाशी नेऊन बसवायचे, ढोलांच्या रांगेत. आणि ती बसायची!

तर ऐक. 'ओल्या भिंती' — हे त्यांच्या बँडचं नाव, नावातच बुरशी — त्यांची दुसऱ्या दिवशी स्पर्धा. हवा अशी दमट की भिंतीवर मीठ फुललेलं. दार्विन सकाळपासून गिटारीवर खेकसतोय, 'सुरात राहतच नाही मेली, उतरते, सारखी उतरते!' आणि कानाला मफलर गुंडाळून निघून गेला, कवी ना तो. बाबांनी ऐकलं. उतरते म्हणजे काय करायचं? आमच्या गल्लीतलं शेंबडं पोर सांगेल. उचलली गिटार, बाहेर नेली, ढोलांच्या रांगेत उभी केली. आगीत नाही गं बाई — आगीसमोर! हातभर अंतरावर! मी होते ना तिथं. फडक्यानं पुसत होते तिला, फिरवून फिरवून, पुढून, मागून, तान्ह्या बाळाला तेल लावून उन्हात धरतात तसं. म्हणत होते, 'थांब राणी, आता चढशील.' आणि चढली कसली — मान वाकली, सांध्यांतला डिंक सुटला, पाठीवर काळा डाग. दार्विन आला तेव्हा ती शेकोटीपाशी वाकडी होऊन उभी. त्यानं एकदा पाहिलं, का म्हणून नाही विचारलं. ओरडायचं तरी! नाही. उचलली आणि गेला. मुकेपणाचा नाद त्याला तेव्हापासून.

आणि तीच वाजवली ना, तीच वाकडी! तारा खुळखुळायच्या, कुठलाच सूर धड लागेना, आणि ते चष्मेवाले परीक्षक खुर्चीतून उठले — असा आवाज ऐकला नव्हता म्हणे. कसा ऐकतील? गिटार भाजून कोण वाजवतं? मग रेकॉर्ड, मग माद्रिद, मग मुलाखती. 'माझा बाप, ढोलवाला, त्यानं माझं संगीत जाळलं.' हशा नाही गं, लोक रडतात तिथं. आणि ते ज्या गाण्यावर रडतात ना, त्याचा ठेका नीट ऐक एकदा — बाबांचाच आहे, ढोलाच्या कडेवर काठी मारतात तो. चोर. बापाला आगीत टाकतो आणि ठेका तेवढा बाहेर काढून घेतो.

त्याला माहीत नाही? कोण म्हणतं माहीत नाही? मी सांगितलं ना त्याला, आई गेली तेव्हा, फोनवर, सगळं — फडकं, राणी, सगळं. मग म्हणाला, 'सुल्मा, ते गाणं आता लोकांचं झालंय.' लोकांचं! मी फोन आपटला.

आणि बाबा — हसशील तू — बाबा आमच्या सगळ्या पालेर्मो वस्तीला सांगतात, 'पोराच्या गिटारीला माझा शेक लागलाय, म्हणून ती तशी बोलते.' न्हाव्याला सांगतात, डॉक्टरला सांगतात. त्यांना वाचता येत नाही आता, मोतीबिंदू. मीच वाचून दाखवते. जे छापलंय ते? वेडी का काय तू. 'वडिलांनी दिलेल्या उबेतून माझा सूर निघाला' — कसं वाटतं? हे मागच्या वर्षीचं. टाळ्या वाजवल्या त्यांनी. पुन्हा वाच म्हणाले, आणि मला शब्द आठवेनात, मेलं नवीन रचावं लागलं. रेडिओवर त्याचं नाव आलं की मी सेल काढून ठेवते. दार्विन एकटाच का गाणी रचतो या घरात?

रडत नाहीये मी, सुई लागली. तो रेकॉर्डर चालू आहे? बंद कर. बंद कर म्हणते ना.

आले. चपला ऐकल्यास? — या बाबा. काय हवंय? कागद? पेट घेत नाही? थांबा, देते. — दे गं ते मासिक इकडे. दे. — हे घ्या, गुळगुळीत आहे, धूर होईल थोडा, पण पानं भरपूर आहेत. ही? ही दार्विनकडून आलीय, बाबा. तुमच्या शेकाबद्दल लिहिणार आहे. हो, हो, हातभर अंतर, सांगितलं मी तिला.

काय गं? तुला काही विचारायचं होतं ना बाबांना? हे काय उभे आहेत. विचार.

...

काही नाही म्हणते, बाबा. पेटवा तुम्ही.