मागचा आवाज

(लॉ कॉलेजचं मोफत कायदा मदत केंद्र.)

सर : पुन्हा लाव.

विद्यार्थिनी : चार वेळा ऐकलं, सर.

सर : पाचव्यांदा ऐकू. लाव... थांब. सुपरवायझर काय म्हणाला?

विद्यार्थिनी : "अडकलंय ते हाताने काढ, पटकन." किती स्पष्ट आहे बघा.

सर : आणि त्याच्या मागे काय ऐकू येतं?

विद्यार्थिनी : मागे काहीच नाही.

सर : कंपनीच्या वकिलाने आज सकाळी हेच लिहून पाठवलंय. हा घे कागद. मोठ्याने वाच.

विद्यार्थिनी : "अर्जदार बाईंनी स्वतः दाखल केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये मशीनचा आवाज नाही. अर्थात मशीन बंद होते. बाईंनी निष्काळजीपणे पेडलवर पाय देऊन ते स्वतःच चालू केले..." सर, हे साफ खोटं आहे!

सर : ते मलाही कळतं. पुठ्ठा कापायचं मशीन चालू असलं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग तो आवाज गेला कुठे?

विद्यार्थिनी : मी काढला.

सर : काढला म्हणजे?

विद्यार्थिनी : एक ॲप आहे. मागचा गोंगाट पुसून टाकतं. मूळ फाइलमध्ये नुसतं धाडधाड ऐकू यायचं, त्यात सुपरवायझर पार बुडून गेला होता. म्हटलं, न्यायाधीशांना नीट कळावं. दोन दिवस खपले त्याच्यावर.

सर : मूळ फाइल पूर्ण ऐकली होतीस?

विद्यार्थिनी : तासाभराची होती, सर. कामाचं वाक्य कुठे आहे ते ॲपनेच शोधून दिलं. तेवढं अर्धं मिनिट कापून घेतलं.

सर : आणि शपथपत्रात लिहिलंस, "रेकॉर्डिंगमध्ये कोणताही बदल केलेला नाही."

विद्यार्थिनी : शब्द एकही बदलला नव्हता!

सर : खाली माझी सही आहे. न ऐकता केलेली. मूळ फाइल दे.

विद्यार्थिनी : नाहीये. दोन फाइली राहिल्या तर चुकून खराब दाखल होईल, म्हणून पुसली. आपल्या अर्जदार मावशींनाही त्यांच्या फोनवरची पुसायला लावली.

सर : छान. ज्या मशीनने बाईची तीन बोटं नेली, ते मशीनच तू कोर्टातून घालवलंस. दोन वाजता सुनावणी आहे. किती वाजले?

विद्यार्थिनी : सव्वाअकरा. सर, एक सुचवू? काही फोन आपोआपच गोंगाट कमी करतात. खरंच करतात. आपण म्हणू, मावशींचा फोन तसला आहे. कुणाला काही सिद्ध करता येणार नाही.

सर : सकाळी हा कागद वाचला तेव्हा असलंच काहीतरी माझ्याही मनात आलं होतं. त्याची लाज वाटतेय. पुन्हा बोलू नकोस.

विद्यार्थिनी : मग ओरडा तरी मला!

सर : कोणत्या तोंडाने ओरडू? गेल्या वर्षी कॉलेजात हा विषय शिकवायचा ठराव आला होता. फोनमधला पुरावा कसा जपायचा, कुठे हात लावायचा नाही, सगळं होतं त्यात. विरोधात हात वर करणारा मी होतो. म्हटलं, आधी कलमं पाठ करू देत, फोन काय, पोरांना जन्मतःच येतो. बोलाव मावशींना. बाहेर बाकावर ताटकळल्यात.

(मावशी येतात. उजवा हात पिशवीखाली झाकलेला.)

मावशी : काय झालं साहेब? केवढ्याने बोलताय.

सर : ही सांगेल.

विद्यार्थिनी : मावशी, रेकॉर्डिंगमधला मशीनचा आवाज मी पुसला. आता ते म्हणतात, मशीन बंदच होतं, तुम्हीच चालू केलंत.

मावशी : पण तूच म्हणालीस, आता कसं छान ऐकू येतंय.

विद्यार्थिनी : म्हणाले होते. चुकलं माझं.

मावशी : म्हणजे हलगर्जी मीच. सतरा वर्षं त्या मशीनवर काढली, माझ्यामुळे कुणाला ओरखडा आला नाही. कागदावर असं लागलं तर मला दुसरीकडे दारात तरी उभं करतील का?

सर : मावशी, पहिल्या दिवशी विचारायचं ते आज विचारतो. हे रेकॉर्डिंग झालं कसं?

मावशी : ते राहू द्या.

सर : आता काहीच राहू देता येणार नाही.

मावशी : लेकीला फोनमध्ये निरोप बोलत होते. ती परगावी नर्सिंगला आहे, परीक्षा चालू होती तिची. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला, मी फोन तसाच खिशात टाकला नि मशीनवर गेले. दवाखान्यात फोन हातात आला तरी चालूच होता तो. डाव्या हाताने बंद करायला गेले, तर गेला की तिला.

विद्यार्थिनी : म्हणजे मूळ रेकॉर्डिंग तिच्याकडे आहे? मावशी, बोलला का नाहीत?

मावशी : तू विचारलंस कधी? आणि विचारलं असतंस तरी सांगितलं नसतं. त्यात माझं ओरडणं आहे, पोरी. तिने निम्मं ऐकून फोन फेकला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरला गेली नाही. आता ऐकतही नाही, पुसतही नाही. तिला यात ओढायचं नाही मला.

सर : जबरदस्ती नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी आम्ही कोर्टाला खरं सांगणार. शपथपत्र खोटं होतं, सही माझी, काम हिचं. पण मशीन चालू होतं हे त्याने सिद्ध होणार नाही.

विद्यार्थिनी : सर, मला वकिलीची सनद...

सर : कदाचित अडेल. माझीही जाऊ शकते.

विद्यार्थिनी : ...कागद द्या. मी लिहायला घेते. आधी माझं नाव येऊ दे.

मावशी : ते लिहिशील मग. आधी फोन लावून दे मला. पहिलाच नंबर आहे. आणि कानाशी धर, माझ्या हाताने घसरतो.

विद्यार्थिनी : वाजतोय.

मावशी : हॅलो, बाळा... हो गं, जेवले. हात बरा आहे. ऐक, माझा तो निरोप आहे ना, तो पाठव. फोनमधून घालवू मात्र नकोस... नाही, नाही, तू नको ऐकूस. इथे एक मुलगी आहे, ती ऐकेल. पहिल्यापासून शेवटपर्यंत.