सातव्या रकान्यात काय लिहायचं?

स्टीलच्या कॅनचं झाकण. एक शिंक. रांगोळी स्पर्धा, उत्तेजनार्थ बक्षीस. सहा हजार लिटर. पंचेचाळीस पूर्ण व्हायला उरलेले अकरा आठवडे. मामाचं गाव.

काय संबंध? — मंडळी, आत्ता काहीच नाही. टाळकऱ्यांनो, टाळ जरा मांडीवर ठेवा. आज पूर्वरंग लांबवत नाही. एकच प्रश्न टाकतो: आपण केलेलं चांगलं काम आपल्याच तोंडानं सांगावं का?

माना हलवू नका. "सांगू नये" असंच तुम्ही म्हणणार. मीही वीस वर्षं तेच सांगत आलोय. ऐका.

बोरखिंड नावाचं गाव. तिथं तालुक्याच्या दूधसंघाचं केंद्र. सात गावांचं दूध यायचं, थंड व्हायचं, टँकरमधून डेअरीत जायचं. आणि तिथं दूध तपासायला शालन चौगुले. यंत्र आहे हो, फॅट यंत्र सांगतं! पण यंत्राच्या आधी शालनचं नाक. झाकण उघडायचं, लगेच वाकायचं, पहिला श्वास घ्यायचा. दुसऱ्या श्वासाला वास उडालेला असतो. आंबूस वाटलं की कॅन बाजूला. कारण एक नासका कॅन टँकरमध्ये पडला, की सहा हजार लिटर गेलं. रोज सकाळी दीडशे कॅन — दीडशे वेळा वाकणं — चौदा वर्षं. तुम्ही देवापुढं तरी इतके वाकलात का? हसा, हसा. मीही नाही वाकलो.

तर केंद्रप्रमुख निवृत्त झाले. त्यांची जागा संघातल्याच माणसांमधून भरायची ठरली. अट अशी, की वय पंचेचाळीसच्या आत हवं. शालनला उरले होते अकरा आठवडे. म्हणजे ही एकच संधी. हुकली, तर निवृत्त होईपर्यंत झाकणंच. अर्जाचा छापील नमुना आला, सात रकान्यांचा. सोबत स्वतःची माहिती जोडायची — तुमची मुलं रेझ्युमे म्हणतात ना, तो.

शालननं असा कागद आयुष्यात एकदाच पाहिला होता. स्वतःच्या लग्नाच्या वेळी! मग तसाच लिहिला. उंची. रंग — गव्हाळ. मामाचं गाव. आवड — वाचन आणि रांगोळी. शाळेतलं ते बक्षीस. चार पानं भरली. कोरा राहिला तो अर्जाचा सातवा रकाना: 'आपण केलेली विशेष कामगिरी'.

तो कोरा रकाना घेऊन ती कीर्तन संपल्यावर महाराजांकडे गेली.

"महाराज, तुम्ही सांगता, 'मी' सोडा. आणि ह्यात विचारलंय, मी काय केलं. काय लिहू?"

मंडळी, तो महाराज मी. मी गळ्यातला हार काढत होतो, मागं माणसं पाया पडायला उभी होती. म्हणालो, "लिहा — माउलीच्या कृपेनं आणि सहकाऱ्यांच्या साथीनं." ती गेली आणि तेवढंच लिहून मोकळी झाली. हे उत्तर द्यायला मला किती वेळ लागला? हार तबकात ठेवायला लागतो तेवढा.

आता कासमभाई मुजावर. टँकरचा ड्रायव्हर. डेअरीच्या कचेरीत अर्ज पोचवायचा तो त्याच्या हाती. पाकीट उघडंच होतं. टँकर भरेपर्यंत केबिनमध्ये बसून त्यानं सगळं वाचलं. मग खाली उतरून शालनला म्हणाला, की उंची कळली, मामा कळले; संघ काय तुम्हाला बघायला येणार आहे का, कांदेपोहे करून ठेवायचे का. शालन हसली. मग त्यानं सातव्या रकान्यावर बोट ठेवलं.

"ताई, ह्यात तुम्ही कुठं हाय?"

"आपलं आपण कशाला मिरवायचं, कासमभाई?"

"बरं. आणि त्या साली मी टँकर डेअरीच्या दारातनं माघारी आणला, तवा नोटीस कुणाच्या नावानं निघाली? माउलीच्या?"

मृदंगबुवा, तुमची बोटं थांबली की. थांबू द्या.

त्या साली काय झालं होतं? शालनला सर्दी. नाक बंद. तरी ती दीडशे वेळा वाकली आणि दीडशे कॅन पास केले. टँकर परत आला. नोटिशीवर तिनं निमूट सही केली. म्हणजे बघा — चूक झाली तर 'मी', आणि चांगलं झालं की 'माउली'. ह्याला आपण नम्रता म्हणतो! मी विचारतो, हे खरं बोलणं आहे का?

कासमभाईनं मग तिला इतर केंद्रांचं सांगितलं. दर उन्हाळ्यात कुणाचा ना कुणाचा टँकर तो माघारी नेतो. बोरखिंडीचा? चौदा वर्षांत तो एकच. शालननं केंद्राच्या भिंतीकडं तोंड करून डोळे पुसले आणि कागद मागितला.

खोडलं: उंची, रंग, मामा. रांगोळीपाशी पेन जरा थांबलं. खोडली.

उरलं एक पान. त्यात सातव्या रकान्यासाठी हे:

'चौदा वर्षांत माझ्या तपासणीतून गेलेला एक टँकर परत आला. त्या दिवशी सर्दीमुळे मला वास येत नव्हता, तरी मी कोणाला सांगितलं नाही. त्यानंतर मी केंद्रातल्या दोन बायकांना वास ओळखायला शिकवलं. सर्दी झाली की तपासणाऱ्यानं आपण होऊन बाजूला व्हायचं, असा नियम केला. तेव्हापासून नऊ वर्षं एकही टँकर परत आलेला नाही.'

मुलाखतीला तीन साहेब. इतरांच्या कागदांवर मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ — सगळे सद्गुणांचे पुतळे! हिच्या कागदावर एका साहेबांचं बोट अडलं. त्यांनी विचारलं, स्वतःची चूक स्वतःच का लिहिलीत?

"साहेब, ती काढली तर नियम कुठनं आला ते कसं सांगू?"

इथं थांबतो. जागा मिळाली का, हे मागून तिसऱ्या रांगेतून कुणीतरी विचारतंय. कळेल. आधी माझं ऐका.

'मी' सोडा, असं मी म्हणालो होतो. फुगलेला 'मी' सोडायचा. पण जो 'मी' रोज वाकला, चुकला, सुधारला, त्याला कागदावरून हाकला असं सांगणं ही माझी चूक. ती आज तुमच्यासमोर लिहून दिली समजा.

आणि तुम्ही? तुमच्यात उद्या कुणी वरच्या जागेसाठी अर्ज करणार असेल. 'मेहनती' लिहू नका. मेहनती तर औताचा बैलही असतो. तुम्ही त्या जागी नसता तर काय बिघडलं असतं, ते लिहा. आणि आठवत नसेल, तर तुमचं काम रोज पाहणाऱ्याला विचारा. तो बहुधा साहेब नसतो. — आणि ज्यांना असा कागद लिहायचाच नाही, ते सुटले असं समजू नका! शेजारी बसलेल्या माणसाचं काम तुम्ही किती वर्षं पाहताय? त्याला एकदा तरी सांगितलंत का?

नेमणुकीचं पत्र शालनला मुलाखतीनंतर बाविसाव्या दिवशी मिळालं. त्या सकाळी तिनं दोन कॅन परत पाठवले होते. त्यातला एक तिच्या दिराचा होता.