डोळ्यांच्या आतला फोटो

नाही, डोळ्यांत थेंब घालू देणार नाही — बसा, कॉफी घ्या, पण ती पेटी उघडायची नाही. दरवर्षी कॉफीच्या तोडणीला तुम्ही डॉक्टर लोक येता, अंगणात यंत्र मांडता, माझ्या आईकडच्या अख्ख्या गोतावळ्याला रांगेत बसवून डोळ्यांच्या आतले फोटो काढता — आणि पुढं काय? माझा भाऊ ओत्तोरीनो तिशीच्या आतच आंधळा झाला, तो झालाच. त्याला दृष्टी दिलीत? नाही ना. मग फोटो कुणाला हवेत? कोण घेतं ते तुमच्याकडून? हसू नका, बाई, मी खरंच विचारतेय.

मागच्या खेपेला माझाच फोटो हातात ठेवलात. डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक शिरा फुगल्यात, वेड्यावाकड्या झाल्यात म्हणालात — आणि मी तर अजून सुईत दोरा ओवते. मग कुणाचं खरं धरायचं, शिरांचं की सुईचं? वर आणखी काय, तर म्हणे हे आंधळेपण आईकडून येतं, बापाकडून नाही. म्हणजे माझ्याकडून. आमच्याकडं आजवर मुलाच्या बापाचं घराणं बघून लग्नं जमली, आणि तुम्ही शहरातून येता आणि बोट आयांकडं दाखवता. सोयीचं आहे बरं का.

आदेल्मो? त्याचं काय? माझा धाकटा मुलगा तो, मळ्यात आहे, त्याला यात ओढू नका. ठणठणीत आहे. पितो थोडी, सगळेच पितात — सिगारेट सोड म्हणून मी सांगितलंय त्याला, तुम्ही सांगायची गरज नाही. कॉफीची लाल फळं तोडण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं इथं. नाही नाही, अजूनही नाही. आता हल्ली चाळणीत हिरवी येतात त्याच्या, पिकलेली झाडावरच राहतात — घाई असते, ऊन असतं, होतं असं. मी संध्याकाळी वेचून काढते ना, त्याचा बाप बघायच्या आत. एप्रनमध्ये घेते आणि ओढ्यात टाकते. रोज. आदेल्मोलाही पत्ता नाही. हे कुठं बोलू नका.

आता पेटीतून काय काढताय? — हा माझा नव्हे. माझा कपाटात आहे. ह्याच्या शिरा तर माझ्याहून फुगलेल्या, मधली चकती सुजल्यासारखी दिसतेय. कुणाचा हा?

आदेल्मोचा? कधी आला होता तो तुमच्याकडं? कोलातीनाला, शहरातल्या दवाखान्यात? मला म्हणाला, पंपाचा पट्टा आणायला चाललोय. पट्टा आणलाही. जेवलाही माझ्यासमोर, मक्याचा पोलेंटा दुसऱ्यांदा मागून घेतला.

म्हणजे त्याला ठाऊक आहे.

आणि आज तुम्हाला इथं त्यानंच पाठवलं? मग स्वतः का नाही बोलला? तोंड नव्हतं त्याला? — काय म्हणाला? परत सांगा. 'आईला वाटेल, तिच्यामुळंच झालं, तसं वाटू देऊ नका, नीट समजावून सांगा.' आदेल्मो म्हणाला असं? आणि मी मघापासून तुमच्यावरच... असू दे.

किती दिसेल त्याला अजून? सांगता येत नाही. बरं.

कॉफी राहू द्या, बाई, उठा. कुंपणाचं फाटक वाजलं, तोच आहे. वाटेत गाठा त्याला. म्हणा, आईला सगळं सांगितलं, आई रडली नाही. एवढंच म्हणा. जा, लवकर जा.