चाळीस दारं

मुलगी : आई, तुझ्या त्या एकटेपणाच्या फॉर्मवर मला किती गुण पडतील?

आई : हे काय नवीनच?

मुलगी : मैत्रिणींशी पैज लागलीय. म्हणे, तुझी आई समाजसेविका, गावभर लोकांचा एकटेपणा मोजत हिंडते, तुझा मोजलाय का कधी? विचारून दाखव! तुला काय कमी, शून्य पडेल! मी म्हटलं, नाही पडणार.

बाबा : मोजून टाक बाई एकदाचा. माझी मीटिंग सुरू व्हायच्या आत.

आई : मला उद्या अहवाल द्यायचाय गं. नदीपलीकडच्या वस्तीतली चाळीस घरं, आणि चाळीसच्या चाळीस ‘अतिशय एकटी’. असा निकाल जन्मात पाहिला नव्हता.

मुलगी : काहीतरीच! परवा तुझा चष्मा द्यायला गेले, तर तू सापडेपर्यंत चार घरांत पाणी पिऊन झालं माझं. दाखव बघू फॉर्म.

आई : अगं शहाणे, परदेशातल्या तज्ज्ञांनी केलाय तो. मी फक्त आपल्या भाषेत आणला.

मुलगी : ‘अडीअडचणीसाठी तुमच्या घराची किल्ली आणखी कोणाकडे असते?’ सगळ्यांचं उत्तर, ‘कोणाकडेच नाही’.

आई : याच प्रश्नाला सगळ्यात जास्त वजन. विश्वासाचं माणूस आहे की नाही, ते कळतं ना.

मुलगी : आई, त्यांच्या दारांना कुलपंच नाहीत! नुसती कडी. तीही कुत्रं शिरू नये म्हणून.

आई : काय सांगतेस?

मुलगी : तू घरी गेलीस कुठे? सगळ्यांना शाळेच्या खोलीत बोलावून फॉर्म भरून घेतलेस.

बाबा : घ्या! लेकीनं आईचे कान टोचले.

आई : थांब रे तू. खरंच की... चाळीस दारं, आणि मी एकही वाजवलं नाही. अहवाल थांबवायला हवा. आत्ताच फोन करते.

मुलगी : माझे गुण राहिले.

आई : भर मग पटपट.

मुलगी : किल्ल्या तीन, तिघांकडे. घरात माणसं तीन. आजारी पडले तर दवाखान्यात नेणारं कोणी? आहे. बेरीज... ‘एकटेपणा नाही’. हरले मी.

बाबा : हरलीस कशी? चांगलंच आहे की!

मुलगी : चौथीपासून कुलूप मीच उघडते, बाबा. आत शिरले की ‘आले गं’ म्हणते. फ्रिजला.

(आई हातातला फोन खाली ठेवते.)

आई : आधी का नाही बोललीस?

मुलगी : तू दिवसभर लोकांचंच ऐकून आलेली असायचीस.

बाबा : उद्यापासून मी लवकर... म्हणजे, बघतो कसं जमतंय.

मुलगी : राहू दे रे. तू ‘बघतो’ म्हणालास की कळतं मला. मी ठरवलंय. शाळा सुटली की वस्तीतल्या, परवा मला पाणी देणाऱ्या शिवणवाल्या आजींकडे अभ्यासाला बसणार. त्यांना विचारलंय, त्या हो म्हणाल्या. अंधार पडायच्या आत तुमच्यापैकी कोणीतरी न्यायला या. दोघं आलात तरी चालेल.