पडद्यापुढची खुर्ची

थांबा, मृदंगमहाराज, जरा हात आवरा! भजन झालं, घसे मोकळे झाले. आता कान मोकळे करायचे. मंडळी, ऐका! आधी एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई करू नका.

माणसाला मान हवा असतो, की नको? खरं बोला, देवळात बसलाय! हवाच असतो! लग्नात फेटे बांधत बांधत तो माणूस आपल्याला सोडून पुढं गेला, तर? पंगतीत जिलबी आपल्या शेजारच्या पानावर येऊन संपली, तर? — ते खांबाजवळचे काका हसले, म्हणजे त्यांची संपलेली दिसते!

तर प्रश्न असा — हा मान राहतो कुठं? त्याचं बिऱ्हाड कुठल्या गल्लीत? पुढच्या खुर्चीत राहतो का? आणि खुर्चीत राहत असेल, तर आपण उठल्यावर तो आपल्याबरोबर येतो, की तिथंच बसून दुसऱ्याची वाट बघतो?

ह्याचं उत्तर एका माणसाला सापडलं. कुठं सापडलं? विमानात!

विट्याकडं एक गाव आहे. नाव सांगत नाही, नाहीतर तिथलं माझं पुढच्या वर्षीचं कीर्तन जायचं. त्या गावात नरहरराव सरनोबत. साखर कारखान्यात शेती अधिकारी होते. आता निवृत्त. भरघोस मिशी, करवंदी फेटा, कडक इस्त्री. माणूस वाईट? मुळीच नाही! कुणाच्या घरी आजारपण असो, रात्री-अपरात्री गाडी काढणार. पण एक दुखणं — मान! बसायचं तर पुढंच. सत्कार असो, सभा असो, बारावं असो, पुढची खुर्ची. बाराव्याला कसली हो पुढची खुर्ची? पण ह्यांना हवी!

मुलगा ऋतुराज. त्याचं लग्न गारगोटीच्या हणमंतराव शेळक्यांच्या केतकीशी ठरलं. मांडव सजला. वरपित्यासाठी पहिल्या रांगेत सोफा मांडला. आणि ऐन वेळी कुणी एक पुढारी आले न् त्या सोफ्यावर बसले! पुढाऱ्याला उठवणार कोण? झालं! नरहरराव तडक मांडवाबाहेर. मे महिन्याचं ऊन, डांबर वितळतंय, आणि हणमंतराव अनवाणी मागं धावतायत — "अहो व्याही, चूक झाली, माघारी चला!" भर रस्त्यात त्यांनी डोक्यावरचा फेटा काढून व्याह्यांच्या पायावर ठेवला. मुलीचा बाप हो! नरहररावांनी काय केलं? फेटा उचलून दिला? नाही. फेटा ओलांडला आणि रुबाबात मांडवात परत आले.

हं. आता कुणी हसत नाही.

दुसऱ्या वर्षी हणमंतराव झोपेतच गेले. नरहरराव भेटायला गेले. सतरंजीवर बसले, चहा घेतला, उठले. शब्द ओठांपर्यंत आला होता, पण बाहेर पडेना. माफीचा शब्द मोठा जड असतो मंडळी! तो सामानात टाकून पाठवता येत नाही, स्वतःच्या हातानं न्यावा लागतो. हणमंतरावांच्या पत्नी सगुणाबाई, बालवाडीच्या बाई होत्या. त्यांनी तोंडानं कधी काही म्हटलं नाही. पण लग्नानंतर सरनोबतांचा उंबरा त्या चढल्या नाहीत.

मग देवानं गाठ घातली. ऋतुराज आणि केतकी कोलकात्याला, तिथं त्यांना मुलगा झाला. सगुणाबाईंच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्यामुळं बाळंतपणाला नरहररावांच्या मंडळी गेल्या होत्या. आता बारसं! ऋतुराजचा फोन आला, "बाबा, केतकीच्या आईंना बरोबर घेऊन या. त्या विमानात कधी बसल्या नाहीत."

"आणतो की," राव म्हणाले. "पण मी बसणार पुढं. फर्स्ट क्लासला!"

"आणि केतकीच्या आई?"

"त्यांचं तिकीट तू काढलंयस ना? बसतील मागं."

हल्ली त्या पुढच्या वर्गाला काय काय नवी नावं आहेत, आपण आपलं फर्स्ट क्लास म्हणू. नातवाला बघायला निघाला आजोबा, तिथंही पहिली रांग!

तर पुण्याचा विमानतळ. रावांना सगळ्यांच्या आधी आत बोलावलं. दारात हवाई सुंदरी, मुग्धा तिचं नाव. तिनं कमरेत वाकून नमस्कार केला. राव मिशीतल्या मिशीत हसले. आत बघतात तर काय — आगगाडीच्या डब्यासारखं लांबट विमान, मधून एकच वाट, आणि तोंडाशीच दोन्ही बाजूंना दोन-दोन रुंद खुर्च्या. रुंद म्हणजे किती? एकीत आपले मृदंगमहाराज मृदंगासकट मावतील! राव बसले. पाय लांब केले, तरी पुढं टेकेनात. सरबत आलं, तेही काचेच्या पेल्यात. मग चिमट्यात धरून एक पांढरी, वाफाळती गुंडाळी आली. रावांना वाटलं, सुरळीची वडी! तोंडाजवळ नेली, तेवढ्यात मुग्धा हळूच म्हणाली, "सर, तो हात पुसायचा टॉवेल आहे." राव म्हणाले, "ठाऊक आहे, वास बघत होतो!"

हसा, हसा. तुम्हाला दिला असता तर तुम्ही चटणी मागितली असती!

आता बाकीची माणसं आत येऊ लागली. विमान असं अरुंद, की मागं जाणारा प्रत्येक जण पुढच्या खुर्च्यांना घासूनच जाणार. राव सरसावून बसले. मनात म्हणाले, आता दरबार भरला! येईल तो बघील! पण बघतंय कोण? कुणी आपला नंबर शोधतंय, कुणाची पिशवी रावांच्या खांद्यावर आदळतेय, एका पोरानं तर सरळ फेट्यावर शिंक दिली! एकही नमस्कार नाही. शंभर-दीडशे माणसांत एकच बाई थांबली. कोण? सगुणाबाई!

"व्याहीबुवा, बसला का नीट? वारं लागलं तर फेटा कानावर घ्या बरं."

विमानात कसलं वारं? पण माया ती माया! राव लाजले. वर्तमानपत्रात तोंड घालून म्हणाले, "हं, हं. मागं जा, मागं. लोक थांबलेत."

बाई मागं गेल्या.

विमान उडालं. ढगांच्या वर आलं. आणि मुग्धानं काय केलं? राव बसले होते त्या भागाच्या मागं एक पडदा होता, तो सर्रकन ओढला. संपलं! मागचे मागं, पुढचे पुढं. नवरा-नवरीमधला अंतरपाट मंगलाष्टकं संपली की दूर तरी होतो, हा काही होईना!

जेवण आलं. चिनी मातीच्या बशा, मांडीवर पांढरंशुभ्र कापड, खरे काटे, खरे चमचे. राव सुखात. पण मंडळी, सुखाची एक गंमत आहे. ते कुणाला तरी सांगावं लागतं! शेजारी एक तरुण बसला होता, कानात यंत्रं घालून. राव त्याला म्हणाले, "मी नरहरराव सरनोबत. शेती अधिकारी होतो." तो म्हणाला, "हं?" — आणि डोळे मिटले. राव इकडं बघतात, तिकडं बघतात. मागं वळले, तर पडदा. अहो, पहिल्या रांगेची चव कुणामुळं असते? दुसऱ्या रांगेमुळं! इथं बघायलाच कुणी नाही. राव राजासारखे बसले होते आणि राज्य पडद्यामागं!

इतक्यात विमान हललं. आधी थोडं, मग असं, की पेल्यातलं पाणी रावांच्या शर्टावर! पट्टे बांधा म्हणाले. विमान खाली बसल्यासारखं होतंय, वर उचलल्यासारखं होतंय. रावांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. शेजारचा झोपलेला. मुग्धा तिच्या जागी पट्टा बांधून बसलेली. एवढ्या रुंद खुर्चीत, मंडळी, दुसऱ्याचा हात धरायला पोचत नाही हो!

आणि त्या धक्क्यात रावांना लख्ख आठवलं — पोरगा काय म्हणाला होता? बरोबर घेऊन या. आणि मी काय केलं? सामान आणतात तसं आणलं! ती माउली पहिल्यांदा विमानात बसलीये. एकटी. डोळा अजून नाजूक. तिला पाणी तरी कुणी विचारलं असेल का?

विमान स्थिर झालं, पट्ट्याचा दिवा विझला, तसे राव उठले. वरच्या कप्प्यावर फेटा आपटला, तसाच सरळ करत पडद्यापाशी गेले.

मुग्धा म्हणाली, "सर, टॉयलेट पुढं आहे."

"मला मागं जायचंय."

"मागं? का सर?" तिला आजवर पुढं यायला धडपडणारे भेटले होते. मागं जायला निघालेला हा पहिलाच!

"माझं माणूस आहे मागं," राव म्हणाले.

पडदा सारून राव त्या चिंचोळ्या वाटेनं निघाले. खांदे तिरके करून, कुणाचे गुडघे चुकवत. मागं, पार मागं, तीन खुर्च्यांच्या मधल्या खुर्चीत सगुणाबाई. खिडकीशी एक आडदांड बंगाली गृहस्थ, अलीकडं त्यांची सून, तिच्या मांडीवर तान्हं पोर. बाईंचे डोळे मिटलेले, हात जोडलेले, ओठ हलतायत. राव वाकले. ऐकतात तर काय —

"देवा, माझं काही नाही. पण व्याही पुढं बसलेत, अगदी विमानाच्या नाकावर. आपटलं तर पुढचंच आधी आपटतंय. त्यांना सांभाळ. नातवाचं तोंड बघू दे त्यांना."

मंडळी! ज्यानं हिच्या धन्याचा फेटा ओलांडला, त्याच्यासाठी ही हात जोडून बसलीये! राव उभ्या जागी विरघळले.

"विहीणबाई..."

बाईंनी डोळे उघडले. "अगं बाई! तुम्ही इकडं कसे? पुढं काय मोडलं काय?"

"विमान धड आहे. मीच... लग्नात मी हणमंतरावांचा फेटा..." आणि इतक्यात मागून खाण्याची गाडी आली! "सर, जरा बाजूला होता का?" बाजूला कुठं होणार? वाट एकच! पुढं सरकावं तर समोरून दुसरी गाडी! रावांचं सँडविच झालं. बघा देवाची करणी! तीन वर्षं पळत होता ना? आता पळून दाखव!

राव दोन गाड्यांच्या मधे हात जोडून म्हणाले, "मी तो फेटा ओलांडला. उचलून द्यायला हवा होता. चुकलो मी. त्यांना सांगायचं राहून गेलं, तुम्हाला सांगतो."

बाईंनी जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाल्या, "त्या दिवशी घरी आल्यावर फेटा झटकत हे काय म्हणाले, ठाऊक आहे? म्हणाले, 'सगुणा, माणूस वाईट नाही. ह्याला लहानपणी कुणी जवळ बसवून घेतलं नसंल.' मला नाही पटलं. मी तीन वर्सं तुमच्यावर धुमसत होते, व्याहीबुवा. खोटं कशाला सांगू? पण मघाशी विमान हललं, आणि राग कुठं गेला ते बघायलाच झालं नाही."

रावांच्या मिशीवरून पाणी ओघळलं. बंगाली बाबूंना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण ते आधी रावांना कागदी रुमाल देतात आणि मग दुसऱ्यानं स्वतःचे डोळे पुसतात! रडायला भाषा लागत नाही.

राव म्हणाले, "उठा. तुम्ही पुढं बसा, मी इथं बसतो."

"नको बाई! आपटलं म्हणजे?"

रावांच्या मागोमाग आलेली मुग्धा हसून म्हणाली, "आजी, तसं काही नसतं."

"मग पुढं बसायला हे एवढे भांडतात कशाला?" — सगळं विमान हसलं! मग बाईच उठल्या. "चला. मी नाही म्हटलं तर परत रुसायचे!"

बाई पुढं गेल्या. त्या रुंद खुर्चीत मांडी घालून बसल्या. शेजारच्या तरुणाला त्यांनी नाव सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "बाळा, जेवलास का?" त्यानं कानांतली यंत्रं काढली. आणि मंडळी, त्या मुलाची आई, तिचे गुडघे, त्याचं मोडलेलं लग्न, सगळं कोलकात्यापर्यंत बाईंना समजलं!

मग गोड आलं. चिनी मातीच्या वाटीत गाजरहलवा. बाई मुग्धाला म्हणाल्या, "मुली, तो पडदा जरा सरकव. व्याही दिसू देत."

"नियम नाही आजी."

"बरं. मग ही वाटी तेवढी पोचव त्यांना. म्हणावं, गोड आहे, अनमान करू नका."

इकडं मागं राव काय करत होते? गुडघे हनुवटीला! एक कोपर बाबूंच्या पोटात. आणि त्या दमलेल्या सुनेला झोप लागली म्हणून तान्हं पोर रावांच्या मांडीवर. कडक इस्त्रीचं काय झालं, ते तुम्ही ओळखा! तेवढ्यात पडदा सरकला, आणि मुग्धा ती पांढरी वाटी दोन्ही हातांत धरून, त्या एकाच वाटेनं, ओळी ओलांडत, थेट शेवटापर्यंत आली. सगळी डोकी वळली. कुणाला मिळतेय? कोण आहेत हे?

जन्मभर ज्यासाठी भांडला, ते मिळालं हो! सगळं विमान बघत होतं. आणि कुठं मिळालं? पार मागं, मधल्या खुर्चीत, ओल्या विजारीवर! रावांनी एक चमचा बाबूंना दिला, एक चमचा सुनेसाठी राखला, एक आपण खाल्ला. नंतर ते मलाच म्हणाले, "महाराज, आयुष्यात पुष्कळ सत्कार झाले. आठवतो तो एवढाच."

कोलकात्याला विमानतळाच्या दारात केतकी उभी. बघते तर आई पहिल्या लोकांत बाहेर, आणि सासरे शेवटून, आईची बाळंतविड्याची पिशवी खांद्यावर घेऊन! "आई, तू पुढं आणि हे मागं? भांडलात का?"

सगुणाबाई म्हणाल्या, "नाही गं. तुझ्या सासऱ्यांना पुढं करमेना."

केतकीनं सासऱ्यांकडं बघितलं. तीन वर्षं ती वाकून नमस्कार करायची, पण डोळ्याला डोळा देत नव्हती. आता दिला. आणि म्हणाली, "चला बाबा, गाडीत बाळ उठलंय."

आता मला सांगा मंडळी, मान कुठं राहतो? तुमच्या खुर्चीत? अहो, तो दुसऱ्याच्या मनात राहतो! तिथलं दार आतून उघडतं, बाहेरून लाथ मारून नाही! देवानं आपल्याला मान दिली ती वळायला आणि वाकायला. आपण ती ताठ ठेवतो आणि म्हणतो, मान मिळत नाही!

आणि हे फक्त नरहररावांना सांगतोय का मी? अहो, तुमच्यातल्या किती जणांनी कुणाचा तरी फेटा ओलांडलाय! भाऊ असेल, जाऊ असेल, धाकटी सून असेल. त्यांच्याशी बोलायला दोन ट्रॉल्यांमधे अडकायची वाट बघू नका. घरची वाट रुंद आहे, आज रात्रीच चालत जा.

आणि आत्ता, इथं! पुढच्या सोफ्यावरची मंडळी, मान जरा मागं वळवा बघू. वळवा! तिथं जोड्यांच्या ढिगाशेजारी एक आजी केव्हाची उभ्यानं ऐकतेय. दिसली? दिसली ना?

— उठले! शाबास अध्यक्ष! या आजी, या, लाजू नका. अध्यक्ष, तुम्ही कुठं निघालात? त्या सतरंजीवर बसा, पोरं सरकतील.

हं. आता मागच्यांनी हात वर करा. ऐकू येतंय ना तिथपर्यंत? येतंय? मग उचला टाळ. पहिला ताल मागच्यांचा, पुढच्यांनी त्यांच्या मागून धरायचा. बोला, विठ्ठल... विठ्ठल!