मागच्या बाजूची नावं

आमचे मालक कोरोनात गेले. दुसरी लाट होती, एप्रिल महिना, मंगळवार, दुपारचे साडेतीन. दवाखान्याचा फोन आला तेव्हा मी मेसमध्ये चपात्या लाटत होते, डांगे चौकाच्या मागं ती मेस आहे, अजूनही मी तिथंच लाटते. तोंड बघायला मिळालं नाही. पिशवीत बांधलेलं लांबून दाखवलं, म्हणले हेच, सही करा. मी केली सही. ते हेच होते का, ते मला अजून माहीत नाही.

आम्ही मूळचे लातूरकडचे, औसा तालुका. गावात हाताला काम नव्हतं म्हणून लग्नानंतर दुसऱ्या वर्षी पुण्याजवळ थेरगावला आलो, एक खोली, दारात मोरी. हे चाकणला प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनवर होते, ठेकेदाराकडून, परमनंट कधी झाले नाहीत, पण शिफ्ट चुकवली नाही. सोळा वर्षं राहिले इथं. आधार कार्ड मात्र गावाचंच राहिलं. मतदान गावाला, रेशन गावाला. मी म्हणायची पत्ता बदलून घ्या, तर म्हणायचे बदलू की, पत्ता काय पळून चाललाय. काय सांगू तुम्हाला, त्या पत्त्यानं मला वर्षभर फिरवलं.

झालं असं की आमच्या इथल्या लोकांनी समिती केली आणि बागेत दगड बसवायचं ठरवलं, कोरोनात गेलेल्यांची नावं त्यावर कोरायची, देशभर एवढी माणसं गेली, निदान आपल्या भागातली तरी लिहू म्हणले. मेसमध्ये कुणीतरी बोललं आणि मी दुसऱ्याच दिवशी मृत्यूचा दाखला घेऊन अण्णांच्या दारात. अण्णा समितीचे अध्यक्ष, इथल्या जुन्या गावकीतले. म्हणले नाव सांगा. मी म्हणलं कागदावर आहे की अण्णा. म्हणले चष्मा सापडंना, तोंडानं सांगा. आता आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. मी दाखलाच पुढं केला. अण्णा म्हणले आवं वैनी, नाव न्हाई सांगितलं तर दगडावर काय कोरू, अमुकतमुक? मग मी भिंतीकडं तोंड करून सांगितलं, माणिक किसन शिंदे.

तेवढ्यात त्यांची सून चष्मा घेऊन आली. अण्णांनी दाखला वाचला आणि म्हणले ह्यो पत्ता औशाचा हाय. आपली यादी हितल्या रहिवाशांची. तुमी गावाला लिवून घ्या. मी म्हणलं अण्णा, मेले इथं, जाळले इथं, सोळा वर्षं राबले इथं. म्हणले व्हय, पर कागुद काय म्हणतोय?

सुट्टी काढून गावाला गेले. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक फलक आहे, गावात गेलेल्यांचा. सरपंच म्हणले वहिनी, माणिकभाऊ आमचाच, पण तो गेला पुण्याकडं, अंत्यविधी तिकडं, आमच्याकडं नोंद नाही. म्हणजे राहायला गावाचे आणि मरायला तिकडचे, असं करून माझा माणूस दोन्हीकडं नाही. एसटीत बसल्यावर मी ठरवलं, हे नाव दगडावर चढल्याशिवाय मी गप बसत नाही.

मग विचारत सुटले. मेसमध्ये, चाळीत, भाजीच्या गाडीवर. माझ्यासारख्याच निघाल्या. काळेवाडीची एक कोकणातली बाई, तिचा भाऊ गेलेला, कार्ड चिपळूणचं. एकीचा मुलगा, कार्ड परभणीचं. नऊ नावं झाली. मी वहीच्या कागदावर लिहून नेली. अण्णा म्हणले बाया गोळा करून मोर्चा काढताय का? मी म्हणलं मोर्चा नाही, यादी आहे. आता दगडावर जागाच न्हाई, म्हणले.

बागेत जाऊन बघितलं. जागा नव्हती हे खरं. वरच्या अर्ध्या दगडावर उद्घाटनाला येणाऱ्यांची नावं, मोठ्या अक्षरात, शुभहस्ते, प्रमुख उपस्थिती, आणि गेलेली माणसं खाली बारीक. दगडाचं काम काळेवाडीच्या सलीमभाईंकडं होतं, तेव्हा ते कडा घासत होते. मी विचारलं भाई, कुठं नऊ ओळी बसतील का? त्यांनी दगडाला वळसा घातला, हात फिरवला आणि म्हणले ताई, पाठ पूर्ण कोरी आहे, अण्णांची परवानगी आणा.

अण्णा म्हणले मागं कंपाउंडची भिंत हाय, कोन बघनार? मी म्हणलं मी बघणार.

ते नाही म्हणले. मग आम्ही दर रविवारी सकाळी दगडापुढं सतरंजी टाकून बसायला लागलो. घोषणा नाही, काही नाही. मी नऊ नावं मोठ्यानं वाचायची, थांबायची, परत वाचायची. ह्यांचं नाव घेताना पहिल्या रविवारी आवाज फुटत नव्हता, तिसऱ्या रविवारी गेटपर्यंत ऐकू जात होतं. फिरायला येणारी माणसं थांबायची. त्या तिसऱ्या रविवारी अण्णांच्या मंडळी आल्या, सतरंजीवर टेकल्या आणि म्हणल्या, वाच गं परत. शेवटापर्यंत ऐकलं, उठून गेल्या. बुधवारी अण्णांचा फोन आला सलीमभाईंना, लिवा मागं.

पुढच्या बाजूची नावं मशीननं केलेली. मागं भिंत दोन फुटांवर, मशीन शिरत नव्हतं. सलीमभाई आडवे बसून छिन्नीनं कोरत होते, पाच दिवस लागले. अक्षर थोडं वाकडं आलंय, ते स्वतःच म्हणले. मी म्हणलं भाई, असू द्या, वाचता येतंय. देव तुमच्या हाताला बळ देवो.

ह्यांचं नाव चौथं आहे. तिथं एका वेळी एकच माणूस उभा राहू शकतो, अंग चोरून.

गेल्या रविवारी चऱ्होलीहून दोघी बहिणी आल्या होत्या, त्यांचे वडील गेलेले, कार्ड बीडचं. मी त्यांचा अर्ज लिहून अण्णांकडं दिला. नऊ नावांच्या खाली अजून अकरा ओळींची जागा आहे.